हास्य : दहापैकी दोन

गेल्या मंगळवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मला हसण्यात दहापैकी दोन गुण मिळाले. गुण देणाऱ्या बाईंनी ते नुसते तोंडी सांगितले नाहीत. पिवळ्या कागदावर लिहून, खाली ठसठशीत रेघ ओढून आणि हातातली काठी टेकत रस्ता ओलांडून त्यांनी तो कागद माझ्या हाती दिला. लातूरला शाळेत असताना गणितात मला याहून कमी गुण मिळाल्याची नोंद आहे, परंतु तिथे मी परीक्षेला बसलो आहे हे निदान मला आधी ठाऊक असे.

परीक्षा खरे तर माझ्या मुलीची होती. न्यू जर्सीतल्या आमच्या गावात पुढच्या वर्षी हायस्कूलला जाणाऱ्या मुलींसाठी मे महिन्यातच चीअरलीडिंगची, म्हणजे सामन्यात आरोळ्या, हातवारे आणि उड्यांनी आपल्या संघाला चेव आणण्याच्या विद्येची, निवड चाचणी होते. तीन दिवस शिकवतात आणि चौथ्या दिवशी परीक्षकांसमोर करून दाखवावे लागते. सरावासाठी समोर कोणीतरी उभे राहून तेच हातवारे करणारे लागते. बायकोच्या संध्याकाळच्या मीटिंगा कॅलिफोर्नियाशी असतात आणि आमच्या तळघराचे छत एवढे ठेंगणे आहे, की पहिल्याच उडीत मुलीचा हात दिव्याला लागला. म्हणून मी, आणि म्हणून घरासमोरचा गाडी लावायचा भरउजेडातला उतार.

आमच्या समोर राहणाऱ्या बाईंनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. नऊ वर्षांच्या शेजारात आमचे बोलणे बर्फ किती पडला आणि कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा, या दोन विषयांपलीकडे गेले नव्हते. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी प्रथम खिडकीचा पडदा सरकवला, मग दार उघडले, मग घडीची खुर्ची आणून हिरवळीवर मांडली आणि शेवटी बर्फ घातलेल्या चहाचा उंच पेला घेऊन त्या तीत अशा काही स्थिरावल्या, की नाटकाला तिसरी घंटा झाली असावी.

"हनी, तुझा अंगठा कुठे गेला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला विचारतायत."

चीअरलीडिंगमध्ये मूठ वळताना अंगठा बोटांच्या बाहेर ठेवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. हात वर इंग्रजी व्हीसारखे पसरले की ते कानामागे जाऊ द्यायचे नसतात, डोळ्यांच्या कोपऱ्यांतून स्वतःला दिसतील इतके पुढे ठेवायचे असतात, हेही ठाऊक नव्हते. समोर ताणलेल्या मुठींच्या दोन तऱ्हा असतात: दोन्ही मुठी एकमेकींकडे तोंड करून उभ्या धरल्या तर ती मेणबत्ती, आणि हाताची पाठ आभाळाकडे केली तर ती बादली. मेणबत्ती मला बरी जमली. बादलीवर मात्र बाईंनी मान हलवली.

"बादली अशी धरतात होय?"

इथे माझा स्वाभिमान जागा झाला. मी त्यांना नम्रपणे सांगितले, की मॅडम, मी लातूरचा आहे. २०१६ साली आमच्या गावाला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि माझे निम्मे बालपण टँकरच्या रांगेत गेलेले आहे. बादली कशी धरावी हे या संपूर्ण रस्त्यावर मला जेवढे कळते तेवढे कोणालाही कळत नसेल.

बाईंनी चहाचा एक घोट घेतला. "मग घरी पोहोचेपर्यंत तीत किती उरत असे?"

मुलगी हसली. माझ्या माहितीप्रमाणे त्या संध्याकाळी ती प्रथमच नैसर्गिकपणे हसली, परंतु त्याचे श्रेय मला कोणत्याही कागदावर मिळालेले नाही.

त्यानंतर बाईंचा पूर्वेतिहास उलगडला. त्या डॅलसच्या. त्यांनी शाळेत असताना लॉरेन्स हर्किमर यांच्या शिबिरात धडे घेतले होते. हे गृहस्थ त्याच शहरातल्या विद्यापीठाचे चीअरलीडर. १९४८ साली त्यांनी टेक्सासमधल्या हंट्सव्हिलला या विद्येचे पहिले शिबिर भरवले आणि पुढे कागदी झुपक्यांचे, म्हणजे पॉमपॉमचे, पेटंटही मिळवले. एक पाय बाजूला सरळ आणि दुसरा गुडघ्यात दुमडलेला अशी जी उडी आजही 'हर्की' म्हणून शिकवतात, ती त्यांच्या नावाची. गंमत अशी, की त्यांना दोन्ही पाय फाकवून उडी मारायची होती आणि ती नीट जमली नाही, त्यातून ही निघाली. त्याच संध्याकाळी माझीही एक उडी नीट जमली नाही. डावा पाय उतारावर, उजवा गुलाबाच्या वाफ्यात आणि मुलीचे कोपर माझ्या नाकावर. तिला अद्याप कोणी माझे नाव दिलेले नाही.

हे पुरुषांचे काम नव्हे, अशी एक क्षीण सबब मी मांडून पाहिली. तिने तर बाईंना नवा जोर आला. हे मुळात पुरुषांचेच काम, त्या म्हणाल्या. १८९८च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाचा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी गर्दीपुढे उभा राहून आरोळ्या द्यायला लागला, तिथून याची सुरुवात. बायकांना त्याच विद्यापीठात शिरकाव मिळायला १९२३ उजाडले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत असताना गुडघा दुखावल्यामुळे फुटबॉल सोडून चीअरलीडर झाले होते.

"माझाही गुडघा दुखतो," मी म्हणालो.

"मग तर तुझ्याकडे सबबच उरली नाही," बाई म्हणाल्या.

आवाजाची परीक्षाही झाली. किंचाळू नकोस, पोटातून ओरड, असे त्या म्हणाल्या, म्हणजे ज्याला आपण बेंबीच्या देठापासून म्हणतो. मुलीने "रेडी?" असे विचारायचे आणि मी "ओके!" असे गर्जायचे होते. पहिल्या वेळी माझ्या तोंडून "हो" गेले. दुसऱ्या वेळी "ओके" गेले, पण ते वीज मंडळाच्या खिडकीवर अर्ज परत घेताना म्हणतात तसले होते. तिसऱ्या वेळी शेजारचा कुत्रा भुंकला आणि बाईंनी मान्यतादर्शक बोट वर केले. ते माझ्यासाठी की कुत्र्यासाठी, हे मला अजून कळलेले नाही.

मग तो क्षण आला. "सगळे ठीक आहे," त्या मुलीला म्हणाल्या, "पण तुझे वडील मयताला आल्यासारखे का उभे आहेत?"

मी हसत होतो. मी तसे सांगितलेही. बाईंनी खात्री करून घेण्यासाठी मुलीकडे पाहिले आणि पोटची पोर शांतपणे म्हणाली, "हे त्यांचं हसूच आहे."

दहापैकी दोन.

मी यावर बराच विचार केला आहे. आमच्या घरात "दात काढू नकोस" हे वाक्य "जेवायला चला" याच्या खालोखाल ऐकू येई. या देशात येण्यासाठी मी व्हिसाचा फोटो काढला, तेव्हा चेहऱ्यावर कोणताही भाव नको अशी लेखी सूचना होती आणि ती मी पहिल्या प्रयत्नात पार पाडली. त्याच देशात आता माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेत चेहऱ्यावरच्या भावांसाठी वेगळा रकाना आहे. त्याला त्या मुली फेशियल्स म्हणतात. "माझे फेशियल्स वीक आहेत," असे ती रडवेल्या आवाजात म्हणाली, तेव्हा माझ्या बायकोने तिच्यासाठी ब्यूटी पार्लरची वेळ घेतली होती.

इथवर मी विनोदाने घेऊ शकतो. परंतु चौदा वर्षांची मुलगी पन्नासाव्यांदा उडी मारून पायाच्या नळीत कळ येत असताना खाली उतरते, आणि उतरता उतरता तिने ओठ विलगले की नाही यावर कोणीतरी पेन्सिल टेकवून बसलेले असते, हे मला मनापासून पटत नाही. ज्या मुलांसाठी या ओरडणार, ती फुटबॉलची मुले मैदानावर थुंकतात, गुरगुरतात, हेल्मेट आपटतात. त्यांच्या चेहऱ्याला गुण नाहीत. आमच्या दहीहंडीत सर्वांत खालच्या थरातला गोविंदा डोळे मिटून, दात आवळून उभा असतो आणि आजवर कोणी त्याला प्रसन्न दिसण्याची आज्ञा केलेली नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका मुलीला शाळेच्या मुख्य संघात जागा मिळाली नाही, म्हणून तिने चिडून स्नॅपचॅटवर दोन शिव्या हासडल्या. शाळेने तिला वर्षभरासाठी दुय्यम संघातूनही काढले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२१ साली आठ विरुद्ध एक मतांनी निकाल तिच्या बाजूने लागला. म्हणजे संघात न घेतलेल्या मुलीला चिडण्याचा हक्क आहे, हे ठरवायला नऊ न्यायाधीश लागले. संघात घेतलेल्या मुलीला तो आहे का, हे अजून कोणी विचारलेले नाही.

शुक्रवारी चाचणी झाली. जिमखान्याच्या दारांच्या काचांवर आतून तपकिरी कागद चिकटवला होता आणि आम्ही पालक बाहेर गाड्यांत बसून आतल्या आरोळ्यांवरून आपापली मुलगी ओळखण्याचा प्रयत्न करत होतो. रात्री पावणेदहाला यादी आली. तीत नावे नसतात, छातीवर टाचलेले क्रमांक असतात. आमचा एकतीस क्रमांक दुय्यम संघात होता. मुलीने जिन्यावरून जी आरोळी ठोकली, ती निःसंशय बेंबीच्या देठापासून होती. आज सकाळी हातात पडलेल्या तिच्या गुणपत्रिकेत फेशियल्सपुढे पाचपैकी तीन आणि शेरा आहे: हसू ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. शुक्रवारी सायंकाळी, ओळीने बसलेल्या चार अनोळखी माणसांपुढे, एक ते आठ अशा मोजणीच्या ठेक्यावर, ते आणखी कसे येणार होते, हे परीक्षकांनी लिहिलेले नाही.

माझा पिवळा कागद बायकोने चुंबक लावून फ्रिजच्या दारावर ठेवला आहे. एवढ्यावर न थांबता तिने त्याचा फोटो लातूरला पाठवला. सासूबाईंचे उत्तर तासाभरात आले: जावईबापूंना दोन तरी कशाबद्दल दिले, तेवढे त्या बाईंना विचारून घ्या.