फिफो भरला की "दोन-चार रीडिंग जातात" एवढंच होत नाही

"सेन्सरचा डेटा तुटतोय? पाच सोपे उपाय" असा एक मेसेज डिप्लोमावाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय, गेल्या आठवड्यात तो माझ्या भाचीकडे आला आणि तिने तसंच्या तसं केलं म्हणून लिहितोय. तिचा प्रोजेक्ट पंपाच्या मोटरचं व्हायब्रेशन मोजायचा, अर्डुइनो ऊनो बोर्ड, एमपीयू-६०५० सेन्सर आणि एसडी कार्ड. सेन्सरच्या आत रीडिंग तात्पुरती साठवणारी रांग असते, तिला फिफो म्हणतात; बोर्डावरचा कोड त्यातून वाचून कार्डावर लिहितो. वाचायला उशीर होऊन ती रांग भरून गेली की ओव्हरफ्लो.

सगळ्यात वाईट उपाय हा, "फिफो ओव्हरफ्लो झाला तरी घाबरू नका, दोन-चार जुनी रीडिंग जातात, बाकी डेटा बरोबर असतो." अजिबात नाही! या सेन्सरचा फिफो १०२४ बाइटचा आणि एक रीडिंग ६ बाइटचं, एक्स, वाय, झेडचे दोन-दोन. १०२४ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे भरल्यावर जुने बाइट पुसले जातात तेव्हा रीडिंग मधोमध तुटतं आणि आपला कोड मात्र पहिला बाइट एक्सचाच धरून वाचत सुटतो. भाचीच्या फाइलीत झेडच्या रकान्यात गुरुत्वाकर्षणामुळे १६३८४ च्या आसपासचे आकडे होते, ते एका ओळीपासून अचानक वायच्या रकान्यात. रात्री साडेअकराला फोन, "मामा, मोटर आडवी पडली का रे?" मोटर जागच्या जागी होती. पुढची अख्खी फाइल बाद. ओव्हरफ्लो झाल्याची खूण देणारा सेन्सरमधला बिट दरवेळी तपासा, लागलेला दिसला की फिफो रिसेट करा आणि तिथे खंड पडला असं फाइलीत लिहा.

"मोठा बफर घेतला की प्रश्न मिटला" हे अर्धं खरं आहे, मान्य. कार्ड लिहिताना मधेच अडतं तेवढ्यापुरता बफर, म्हणजे रीडिंग तात्पुरती ठेवायची बोर्डाच्या रॅममधली जागा, लागतोच. पण एसडीच्या स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय की एका राइटसाठी २५० मिलिसेकंद थांबायची तयारी ठेवा. सेकंदाला १००० रीडिंग म्हणजे तेवढ्यात १५०० बाइट, फिफो तर १७० मिलिसेकंदांतच भरतो. ऊनोची सगळी रॅम २०४८ बाइट, त्यातले ५१२ एसडी लायब्ररीच खाते, मोठा बफर ठेवणार कुठे? आणि मोठा बोर्ड आणला तरी कार्ड सरासरीनेच मागे पडत असेल तर तोही भरणारच, फक्त उशिरा, आणि तोवर स्क्रीनवरचं रीडिंग शिळं होत जाणार.

"फाइलीत लिहिताना टाइमस्टॅम्प लावा" चूक, कार्ड अडलं की शंभर रीडिंगांवर एकाच वेळेचा शिक्का बसतो. "प्रत्येक रीडिंगनंतर फ्लश करा" म्हणजे साठलेलं लगेच कार्डावर उतरवा, त्याने कार्ड अजूनच अडतं, सेकंदाला एकदा पुरे.

"रेट जास्तीत जास्त ठेवा" कशाला? तिची मोटर १४४० आरपीएम, म्हणजे २४ हर्ट्झ. आम्ही रेट सेकंदाला २०० रीडिंगवर आणला, आता २५० मिलिसेकंदांत ३०० बाइट साठतात ते फिफोतच मावतात. काल रात्रभर चालवलं, ओव्हरफ्लो एकदाही नाही आणि झेड झेडच्याच रकान्यात.