डिकीतला बाजार, माळ्यावरचं खोकं

रविवारी पहाटे साडेपाचला मी घराबाहेर पडते तेव्हा सांगलीत आईला वाटतं, मी बूट आणायला चाललेय. कितीदा सांगितलं, कार बूट सेलमधला बूट म्हणजे गाडीची डिकी. घरात नकोसं झालेलं सामान लोक डिकीत भरून इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराबाहेरच्या एका शेतात आणतात, वॉलपेपर चिकटवताना वापरायचं घडीचं टेबल उघडतात आणि त्यावर मांडून बसतात. किटल्या, मुलांच्या लहान झालेल्या सायकली, गेलेल्या आजोबांची हत्यारं. आत जायला एक पौंड. एवढं समजावल्यावर आईचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे लोकांचं उष्टं आणायला इतक्या थंडीत उठायचं?’

मी उठते ती जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींसाठी. इथे त्यांना कार्ट्रिज म्हणतात. मी चुकून कॅसेट म्हटलं की पन्नाशीतल्या इंग्रजांचे डोळे लकाकतात, कारण त्यांच्या लहानपणी गेम खरोखरच कॅसेटवर यायचे. १९८२ साली निघालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकाला टेपरेकॉर्डर जोडायचा, काही मिनिटं कर्कश किरकिर ऐकायची आणि मग गेम सुरू. आमच्या सांगलीत फितीचा काही संबंध नव्हता, तरी प्लॅस्टिकचा चौकोनी ठोकळा खाचेत खुपसायचा म्हणून ती कॅसेट. मी तोच शब्द वापरणार.

पहाटेच्या बाजारात विजेऱ्या घेऊन फिरणारे पुरुष असतात. सामान डिकीतून खाली यायच्या आत त्यांचे हात आत गेलेले असतात. हे धंदेवाले, आठ वाजता माल उचलून दहाला ऑनलाइन चढवणारे. त्यांच्यात मी बहुतेक वेळा एकटीच बाई. मला ते स्पर्धक समजत नाहीत याचा मी निर्लज्जपणे फायदा घेते. दोन वर्षांत फार मोठं घबाड हाती लागलं असं नाही. सुपर निन्टेन्डोचा मारिओ कार्ट खोक्याशिवाय, गेमबॉयचा टेट्रिस, मेगा ड्राइव्हवरचा सॉनिक २ (ही तिन्ही गेम खेळायची जुनी यंत्रं). बाकी टेबलांवर फुटबॉलच्या फिफा गेमच्या तबकड्या, दरवर्षीची एक, ओळीने. फुकट दिल्या तरी कोणी नेत नाही.

हायस्ट्रीटवरच्या, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावरच्या चॅरिटी शॉपांचा प्रकार वेगळा: दानात आलेलं जुनं सामान विकून संस्थेसाठी पैसा उभा करायचा. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने १९४७-४८ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर अशा दुकानाची सुरुवात केली आणि आज ब्रिटनमध्ये अशी दहा हजारांहून जास्त दुकानं आहेत. इंग्रजांच्या दानशूरपणाचं कौतुक करण्याआधी हिशेब पाहावा: या दुकानांना स्थानिक मालमत्ता करात ८० टक्के सूट मिळते, दान आलेल्या मालावर विक्रीचा कर शून्य, आणि गल्ल्यावर बहुतेक विनामोबदला काम करणारी निवृत्त मंडळी. बाकीची दुकानं बंद पडत चाललेल्या रस्त्यावर हीच टिकतात. पूर्वी म्हणे तिथे टोपलीत पौंडाला कॅसेट मिळायची. आता मागच्या खोलीतला कोणी तरी इंटरनेटवर भाव बघतो आणि चांगली वस्तू काचेच्या कपाटात कुलपात जाते. चूक नाही त्यांची. पैसा कर्करोगाच्या संशोधनाला जाणार आहे. पण काचेतून बघताना मला सराफकट्ट्यावर आल्यासारखं वाटतं.

घरी आणलेली कॅसेट मी आधी उघडते. साधा पेचकस चालत नाही, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या स्क्रूंना ३.८ मिलिमीटरचा खास पाना लागतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस कॅसेटच्या दातांवरून, म्हणजे यंत्रात टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरून फिरवायचा. तीस वर्षांचा काळा मळ निघतो, आणि तो निघताना मिळणारं समाधान पितळेची समई घासणाऱ्यांना कळेल. फुंकर मात्र मारायची नाही. आम्ही लहानपणी प्रत्येक कॅसेटला मंत्र म्हटल्यासारखी फुंकर मारायचो आणि ती चालायचीही. चालायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळे. दात नव्या जागी टेकायचे, बस. तोंडातल्या वाफेने ते उलट गंजायचे.

एका गेमबॉयच्या पोकेमॉनमध्ये आधीच्या मुलाचा खेळ जसाच्या तसा जपलेला निघाला. आत नाण्याएवढी बॅटरी असते, तिच्या जिवावर तो टिकतो; बॅटरी बदलली की पुसला जातो. आता तो अनोळखी पोर किती हळवं नाव मागे ठेवून गेला असेल म्हणून मी पाहिलं, तर नावाच्या जागी शिवी होती. बॅटरी मी अजून बदललेली नाही.

हे सगळं आता लिहावंसं वाटलं ते दादाच्या फोनमुळे. सांगलीतलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलंय, तिथे अपार्टमेंट उभी राहणार. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी खालच्या खोल्यांत छातीभर होतं. त्यानंतर त्या भिंतींवर कोणाचा विश्वास उरला नव्हता. रिकामं करताना माळ्यावर एक खोकं सापडलं. आमच्या कॅसेटी, बावीस. माळ्यावर होत्या म्हणून पुरातून वाचल्या. दादा म्हणाला, ‘भंगारवाला अठरा रुपये किलो देतोय. देऊन टाकू ना?’

मी म्हटलं थांब. मग आमच्या घराण्याच्या ग्रुपवर दोन दिवस जे रणकंदन झालं त्याला काही हिशेब नाही. हाच तो ग्रुप, ज्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले गेले आणि जुलै २०२५ मध्ये शिवछत्रपतींचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले तेव्हा रात्री एकपर्यंत संदेश येत होते. वारसा, जतन, पुढच्या पिढ्या. हे संदेश पाठवणाऱ्या आमच्या काकांनी किल्ल्यांच्या त्याच आठवड्यात भिंतीएवढा रेडिओग्राम आणि आजीचं जातं विकलं होतं, याची मी आठवण करून दिली. काकांनी अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवलं. ते राग आल्याचं असतं हे ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे.

काकांचा मुद्दा मात्र खोडून काढायला मला जड गेलं. ‘तुझ्याकडे गॅरेज आहे,’ ते म्हणाले, ‘इथे नव्या फ्लॅटला माळा नाही, फॉल्स सीलिंग आहे.’ खरंय. संग्रह हा जागेचा धंदा आहे. ब्रिटनमध्ये पोटमाळ्यावर तीस वर्षं खोकं पडून राहू शकतं, म्हणून आज ते डिकीत येतं. शिवाय इथे प्रत्येक पोराकडे स्वतःची वीस-वीस कॅसेट होती. आमच्या गल्लीत पाच घरांत मिळून एक कॅसेट फिरायची, मे महिन्यात मशीन अनामत ठेवून भाड्याने यायचं, आणि दुकानात अर्ध्या तासाच्या हिशेबाने खेळायला मिळायचं. दादा पहिला कंट्रोलर धरायचा, मला दुसरा. त्यातून एवढा वापर व्हायचा की पुढे कोणी जमवावं असं काही शिल्लकच राहायचं नाही. वस्तू वापरण्याच्या बाबतीत आम्ही इंग्रजांपेक्षा शहाणे होतो, हे मी इथे राहून कबूल करते.

पण किलोवर द्यायला माझा विरोध आहे आणि तो आठवणींपुरता नाही.

गेल्या वर्षी मी याच शेतात दहा पौंडांना पोकेमॉन एमरल्ड घेतली. घरी येऊन पाहते तर लेबलावर उमटवलेले दोन बारीक आकडे असायला हवेत ते नाहीत, आतला सर्किटचा पट्टा भलत्याच घडणीचा. नकली. एका मेळाव्यात जाणकारांपैकी एकाला दाखवली तर त्याने ती दोन बोटांत धरून परत केली, मेलेला उंदीर द्यावा तशी. इथल्या शौकिनांत ओरिजिनल नसणं हे सर्वांत मोठं पाप. त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं की मग माझं अख्खं बालपणच नकली होतं.

आमच्या घरात एकही ओरिजिनल कॅसेट कधी आली नाही. येणार कुठून? ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची परिमाणात्मक बंधनं, म्हणजे किती माल आणायचा यावरच्या मर्यादा, भारताने पूर्णपणे उठवली ती एप्रिल २००१ मध्ये. तोपर्यंत बाजारात होती ती तैवान-चीनच्या कारखान्यांतली नक्कल. निन्टेन्डोचं मूळ जपानी यंत्र फॅमिकॉम १९८३ चं. त्याच्या कॅसेटीला ६० पिना. अमेरिका-युरोपात तेच यंत्र नव्या अवतारात आलं तेव्हा ७२ झाल्या. आमच्या नकला जपानी साच्यावर बेतलेल्या, म्हणून सांगलीची कॅसेट शेफील्डच्या यंत्रात बसतच नाही. उघडली तर आत नेहमीच्या चिपच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका, चिप त्याच्याखाली दडलेली. वर लिहिलेलं ‘९९९९९९९ इन १’ आणि आत खरे गेम मोजून पाच-सात, तेच तेच वेगळ्या पातळीवरून सुरू होणारे. लाखो आकड्यांची यादी खालपर्यंत बघायची म्हणून दादाने एकदा दुपारभर बटण दाबून धरलं होतं. त्या यादीत कॉन्ट्रा, रणगाड्यांची बॅटल सिटी, रोड फायटर. महाराष्ट्रातल्या माझ्या वयाच्या लाखो लोकांनी हेच खेळलं, आणि यातलं काहीही इथल्या कोणत्याच शौकिनाच्या कपाटात मानाने बसणार नाही.

म्हणजे तिकडे ती भंगार, कारण जुनी. इकडे ती भंगार, कारण खोटी. आणि आमची खरी वस्तू तर तीच आहे. आमच्या गल्लीच्या दृष्टीने नकली म्हणावी तर ती ओरिजिनल, जी आम्ही कधी पाहिलीच नाही.

परदेशात सगळं जपलं जातं असा समज असेल तर त्याचंही सांगते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी करून सांगितलं, की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. ज्यांनी बनवले त्यांनाच पर्वा नाही. आणि ज्यांना पर्वा आहे त्यांच्यातल्या काहींना नुसत्या भावाची. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. तो गेम दुर्मीळ मुळीच नाही. किंमत त्यावरच्या न फाटलेल्या प्लॅस्टिकची. घडी न मोडलेली पैठणी कपाटात ठेवून तिचा विमा काढायचा, तसला प्रकार. माझ्याकडे असली एकही कॅसेट नाही आणि असती तर त्याच संध्याकाळी फोडून खेळले असते. (नवरा म्हणतो, खोटं बोलू नकोस. पाहू.)

शेफील्डमध्ये २०१८ पासून राष्ट्रीय व्हिडिओ गेम संग्रहालय आहे, तिथे मी भाच्याला नेलं होतं. त्याला फोनवरच्या गेममध्ये पात्राचे कपडे विकत घेता येतात; तो गेम बंद झाला की कपडेही जातात, हे त्याला विचित्र वाटत नाही. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच्या दोन यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं, तेव्हापासून तिथे नवं काही विकतच घेता येत नाही. भाच्याच्या माळ्यावर खोकं सापडणार नाही. आत्याचं हे बोलणं त्याने ऐकलं आणि विचारलं, इथे वायफाय आहे का.

इथल्या संग्रहालयाचं कौतुक करताना मला सारखं पुण्याचं केळकर संग्रहालय आठवत होतं. दिनकर केळकरांनी काय जमवलं? अडकित्ते, वज्री, फण्या, दिवे, दौती. ज्या काळात लोक घरातलं जुनं पितळ वितळवायला देत होते, त्या काळात हा माणूस ते मागून, विकत घेऊन, गावोगाव हिंडून आणत होता. वीस हजारांवर वस्तू. आज त्या अडकित्त्यांसमोर उभे राहून माझे हेच काका ‘वा!’ म्हणतात. तेव्हाही कोणी तरी म्हणालंच असेल, भंगारवाला बरा भाव देतोय.

बावीसच्या बावीस ठेवाव्यात असं मी म्हणत नाही. जागा नाही हे मान्य. चार-पाच ठेवा, उरलेल्यांचे आतून-बाहेरून फोटो काढा, लेबलवाल्या बाजू दिसू द्या. कोणत्या दुकानातून, किती रुपयांना आणली ते आठवेल तेवढं कागदावर लिहा. दादाला अजून आठवतं. पुढच्या पुरापर्यंत त्याला आठवेलच असं नाही.

शेवटी दादा नमला, पण वेगळ्या वाटेने. ‘तुलाच पाठवतो पार्सलने, ठेव तुझ्या गॅरेजमध्ये.’ परवा त्याचा टपाल कार्यालयातून फोन. कस्टमच्या फॉर्मवर वस्तूचं वर्णन आणि किंमत लिहायची होती. ३९ पौंडांच्या आतली भेटवस्तू असेल तर इथे कर लागत नाही, त्यामुळे किमतीचं ठीक होतं. वर्णनाचं अवघड. मी म्हटलं, ‘अरे, निन्टेन्डोच्या कॅसेटी लिहू नकोस, त्या निन्टेन्डोच्या नाहीत. बनावट माल म्हणून इथे जप्त होईल.’

‘मग काय लिहू?’

मला सुचेना. मागे रांगेतलं कोणी तरी दादाला आटपा म्हणत होतं.

‘अगं, सांग लवकर. भंगार लिहू?’