खुब्याचं ऑपरेशन पुढून की मागून? विट्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. ज्यांनी आधीचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खुब्याचा सांधा बदलताना चीर कुठून घेतात यापेक्षा सर्जनचा हात कोणत्या पद्धतीत बसलाय ते बघा, असं मी लिहिलं होतं. ताईंना ते पटलं नाही. त्यांच्या सासऱ्यांचं ऑपरेशन पुण्यात पुढून झालं, 'स्नायू न कापता', आणि दुसऱ्याच दिवशी ते वॉकर धरून संडासला गेले. मग आपल्याकडं अजून मागून का करतात, आणि मी मिरजेत फिजिओथेरपी करते म्हणून इथल्या डॉक्टरांची बाजू घेते का, असं त्यांनी विचारलंय. आता सासूबाईंचंही करायचंय, तर पुढूनच करा असा आग्रह धरू का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

आधी बाजू घेण्याबद्दल. मी पेशंट बघते ते ऑपरेशन झाल्यावर. सांगलीत करून आलेले, पुण्या-मुंबईहून आलेले, अथणीकडचे, सगळेच येतात. ते खुर्चीतून उठतात कसे आणि चालतात कसे, ते मी रोज बघते. लिहिते ते त्यावरून.

तुमच्या सासऱ्यांचा अनुभव अगदी खरा आहे. पुढून जाताना मांडीच्या पुढचे दोन स्नायू बाजूला सारून मधल्या फटीतून सांध्यापर्यंत पोचतात. त्यामुळं पहिले काही आठवडे दुखणं कमी असतं, काठी लवकर सुटते. ज्याच्या घरी करणारं कोणी नाही त्याला हे आठवडे फार मोलाचे. पण तीन-चार महिन्यांत मागून झालेला पेशंटही तिथंच येऊन पोचतो, आणि वर्षानं दोघांच्या चालण्यात फरक सापडत नाही.

'स्नायू न कापता' हेही पूर्ण खरं नाही. पुढून कृत्रिम सांध्याची वाटी कमरेच्या हाडात बसवणं सोपं जातं, मांडीच्या हाडात त्याचा दांडा बसवणं अवघड. हाडाचं टोक वर उचलून घ्यायला बरेचदा मागची एखादी छोटी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सोडवावी लागते. हाड तडकण्याची भीती असते ती याच टप्प्यावर. काहींना मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा राहतो. पोट सुटलेलं असेल तर जांघेच्या घडीत जखम ओलसर राहून चिघळू शकते. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या सुमारे 30 हजार पेशंटांचा अभ्यास 2020 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात वर्षभरातल्या मोठ्या गुंतागुंती पुढून केलेल्यांत सुमारे 2 टक्के आणि मागून किंवा बाजूनं केलेल्यांत सुमारे 1 टक्का होत्या. दोन्ही आकडे लहानच आहेत, त्यामुळं घाबरायचं कारण नाही. पण पुढचीच वाट सुरक्षित, असं त्यावरून म्हणता येत नाही. आणि ती नवीनही नाही. अमेरिकेतले सर्जन स्मिथ-पीटरसन यांनी ती 1917 मध्ये मांडली, फ्रान्समध्ये सर्जन ज्युडे यांनी 1947 मध्येच तिथून सांधा बसवला.

मागच्या वाटेची खरी अडचण म्हणजे सांधा निखळणं. तिथं पाय बाहेर वळवणारे छोटे स्नायू आणि सांध्याभोवतीची पिशवी, म्हणजे कॅप्सूल, उघडावी लागते. पूर्वी ती तशीच सोडली जायची. आता ती हाडाला परत शिवतात, आणि वाटीत फिरणारा बॉलही मोठा घालतात. इंग्लंडमधले सर्जन चार्नली यांनी 1962 मध्ये वापरलेला बॉल जेमतेम 22 मिलिमीटरचा होता, आज 32 किंवा 36 चा सर्रास असतो. या दोन गोष्टींनी निखळण्याचं प्रमाण खूप खाली आलंय. म्हणून सर्जनना विचारायचं ते हे: पिशवी परत शिवणार का? आणि याच पद्धतीनं तुम्ही वर्षाला किती सांधे करता?

बाजूनं केलेल्यांत निखळणं कमी, पण कंबर सावरणारा स्नायू सुटा करून पुन्हा जोडावा लागतो. तो कमजोर राहिला की माणूस धड त्या पायावर टाकत चालतो, आणि ते सुधारायला आम्हाला फार वेळ लागतो.

घरी काय घडतं तेही सांगते. मागून झालेला पेशंट बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो आणि पायाच्या बाहेरच्या बाजूला पडलेली चप्पल ओढायला वाकतो. खुबा पूर्ण दुमडतो, गुडघा आत जातो, पाऊल बाहेर जातं. सांधा निखळतो तो नेमका याच अवस्थेत. पुढून झालेल्याचं उलट असतं: ओट्याशी उभं राहून, पाय मागंच ठेवून अंग दुसरीकडं वळवलं की त्याला धोका.

सासूबाईंचं म्हणाल, तर तुमच्या लिहिण्यावरून त्यांचं वजन जास्त आहे आणि हाडं ठिसूळ आहेत. अशा बाईंसाठी पुढूनचा आग्रह मी धरणार नाही. त्यांचा मणका आखडलेला असता किंवा आधी सांधा निखळलेला असता, तर वेगळा विचार केला असता. सासऱ्यांचे सर्जन त्यांनाही तपासून 'पुढून करतो' म्हणाले, तर खुशाल करा; त्यांचा हात त्यात बसलाय. पण जो मागून शेकड्यांनी करतो त्याला पुढून करायला लावू नका.

कुठूनही करा, पण त्या घरी यायच्या आत भारतीय संडासावर कमोडची खुर्ची ठेवा, खाटेखाली विटा लावून ती गुडघ्याच्या वर घ्या, आणि देवपूजेचा पाट काढून तिथं उंच स्टूल ठेवा. डिस्चार्जच्या दिवशी पुढची सीट उंच असलेली गाडी बघा.