नाल्याच्या कडेने खाली उतरू नका

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी घरांतल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘महूच्या एका निवृत्त फौजी साहेबांनी सांगितलेल्या सात युक्त्या. सॅक घेऊन डोंगरात जाणाऱ्या मुलांना जरूर पाठवा.’ युक्त्या अशा: वाट चुकली तर नाल्याच्या कडेने खाली उतरत जा, गाव लागतेच. वाहते पाणी शुद्धच असते, फार तर तुरटी फिरवा. उंचीवर कापूर-लवंगेची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो. साप चावला तर वर करकचून दोरी बांधा. थंडी वाजली तर रमचे दोन घोट घ्या. दहा जणांचा ग्रुप असला की भिण्याचे कारण नाही. आणि फोनमध्ये जीपीएस असताना घरच्यांना सगळा तपशील सांगून उगाच काळजीत टाकू नका.

साहेबांचे नाव नाही, हुद्दा नाही, पलटण नाही. इंदूरजवळच्या महूला लष्कराची छावणी आहे, तेवढ्या भांडवलावर मेसेज चालतो. आजोबा तो काकांना पाठवतात, काका भाचीला, आणि भाची तो वाचून खरोखरच चोरलच्या जंगलात मुक्कामाला निघते. यातल्या काही गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, म्हणून जास्त घातक. सगळ्यांच्या मुळाशी समजूत एकच: संकट आले की तेव्हा बघू, युक्ती आहेच. माझे म्हणणे असे की आपल्या इंदूरच्या आसपास जीव वाचतो तो बहुतेक वेळा आदल्या रात्री, नकाशा उघडून जमीन कुठे संपते ते पाहून ठेवल्याने.

‘जमीन संपते’ हे मी अगदी शब्दशः म्हणतो आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, माळव्याच्या पठारावर आहे. पठाराचा कल उत्तरेकडे. क्षिप्रा, गंभीर, जानापावला उगम पावणारी चंबळ, सगळ्या उत्तरेला जातात, सावकाश, शेतांमधून, गावांना पाणी पाजत. त्या बाजूला नाल्याच्या कडेने चालत राहिलात तर गाव लागेलही. पण मुले सॅक घेऊन सावेर-देपालपूरला थोडीच जातात? ती जातात दक्षिणेला, महूच्या पलीकडे, जिथे पठार एकदम तुटते आणि विंध्याचा कडा नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. तिथले नाले दक्षिणेकडे धावतात आणि कड्यावरून खाली पडतात. पातालपानी म्हणजे दुसरे काय? चोरल नदी त्या कड्यापाशी येते आणि सुमारे ३०० फूट खाली कोसळते. तिंछा, शीतलामाता, जोगीभडक, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गोष्ट. म्हणजे संध्याकाळच्या अंधारात, वाट चुकलेला, घाबरलेला मुलगा मेसेज आठवून नाल्याच्या कडेने खाली उतरत गेला तर तो कुठे पोचेल? धबधब्याच्या माथ्यावर. तेही शेवाळलेल्या काळ्या दगडावरून, जिथे चांगल्या बुटांचाही पाय ठरत नाही.

वाट चुकल्यासारखे वाटले की आधी थांबायचे. बसायचे, पाणी प्यायचे. जिथवर वाट नक्की ओळखीची होती तिथे उलट पावली जाता येते का ते पाहायचे. जमत नसेल, अंधार पडत असेल, तर नाल्यापासून दूर, जरा उंच आणि मोकळ्या जागी राहायचे. फोनला रेंज मिळाली तर तिथेच मिळेल, खोऱ्यात नाही. गळ्यात शिटी असावी, थांबून थांबून तीन-तीनदा वाजवावी. ओरडण्याने घसा बसतो, शिटीने बसत नाही.

नाल्याबद्दल अजून एक, मेसेजात नसलेले. २०११ च्या जुलैत पातालपानीला सहलीला आलेले एक कुटुंब पात्रात असताना पाण्याचा लोंढा आला आणि पाच जण कड्यावरून वाहून गेले. तिघे दगावले. तो व्हिडिओ देशभर पाहिला गेला, आणि तरी दर पावसाळ्यात लोक तिथेच पात्रात उतरतात. अशा नद्यांचे पाणी वर कुठेतरी पडलेल्या पावसाने चढते, तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी. पाणी गढूळ होऊ लागले, काटक्या-पाने वाहत येऊ लागली, आवाज बदलला, की फोटो, डबा, चप्पल काही न पाहता काठ गाठायचा. तोही परतीच्या वाटेचा, नाहीतर पलीकडे अडकाल. तंबू पात्रातल्या वाळूवर कधीच लावू नये, कितीही सपाट आणि मऊ दिसली तरी. ती वाळू तिथे पुरानेच आणून टाकलेली असते.

आता पाणी. वाहत्या पाण्यात वरच्या वस्तीची गुरे बसलेली असतात, हे डोळ्यांनी दिसते. तुरटीने गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसू लागते, जंतू मात्र राहतात. उलट नितळ दिसल्यामुळे आपण ते निर्धास्त पितो. पाणी खळखळून उकळू द्या, एक मिनिट पुरते. २००० मीटरच्या वर तीन मिनिटे. क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या तर अर्धा तास थांबा, आणि गढूळ पाणी आधी फडक्याने गाळा. इंदूरजवळच्या एका दिवसाच्या भटकंतीला तर घरूनच पाणी न्यावे. उकाड्यात चढताना तासाला अर्धा लिटर सहज लागते. आणि हो, खाऊ म्हणून किलोभर सेव नेणाऱ्या मंडळींनी पाणी त्या हिशेबाने वाढवावे.

कापराची पुरचुंडी कोरोनाच्या दिवसांत घराघरात फिरली, तीच आता उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखरावर निघालेल्या मुलांच्या सॅकमध्ये गेली आहे. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण इंदूरलाही सुमारे २१ टक्के आणि तिथे साडेबारा हजार फुटांवरही तेवढेच. कमी होतो तो हवेचा दाब, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. कापूर हुंगल्यावर नाकात गार वाटते, नाक मोकळे झाल्याचा भास होतो, रक्तात काही वाढत नाही. लहान मुलाने कापूर गिळला तर झटके येऊ शकतात, तेव्हा तो देवघरातच बरा. उंचीचे औषध म्हणजे वेळ. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांतून एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. सुट्टी कमी आहे म्हणून हे दिवस कापले जातात, आणि ते कापले जातात इंदूरला, तिकीट काढताना! डोके दुखते, मळमळते तर वर चढू नका. चालताना तोल जातो, बसल्या जागी धाप लागते, तर रात्र असली तरी खाली उतरवा. गोळ्या घ्यायच्याच असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून.

साप चावल्यावर करकचून बांधल्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि वेळ जातो. चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, चालवू नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर प्रतिविषाची एकच लस चालते आणि ती रुग्णालयातच मिळते. म्हणून सर्वांत जवळचे मोठे सरकारी रुग्णालय कोणते आणि गाडी कुठपर्यंत येते हे आधीच माहीत हवे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.

रमने कातडीकडे रक्त धावते, ऊब वाटते, आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. कोरडे कपडे घाला, गरम चहा घ्या.

दहा जणांचा ग्रुप? दहा जणांत प्रत्येकाला वाटते की वाट दुसऱ्याला माहीत आहे. आणि दहा जणांत ‘परत फिरू या’ म्हणायला ज्याला त्याला लाज वाटते. निघण्याआधीच ठरवा की दुपारी अमुक वाजता, जिथे असू तिथून परतायचे, आणि कोणा एकाचे म्हणणे त्या बाबतीत शेवटचे. सर्वांत हळू चालणारा मध्ये, अनुभवी माणूस मागे.

राहिला जीपीएस. त्याला रेंज लागत नाही, हे खरे आहे. पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर पडद्यावर नुसता निळा ठिपका दिसतो, आणि रेंज शोधता शोधता बॅटरी संपते. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, पॉवर बँक प्लास्टिकच्या पिशवीत. मुख्य म्हणजे जीपीएस तुम्हाला सांगतो तुम्ही कुठे आहात. घरच्यांना काही सांगत नाही. तेव्हा एक कागद घरी ठेवावा. कोण कोण, कुठल्या वाटेने, गाडी कुठे लावणार, तिचा नंबर, रात्रीचा मुक्काम कुठे, परत किती वाजता, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ लावायचा. आईला द्यायला जड जात असेल तर मावशीला द्या, शेजारच्या वहिनींना द्या. मात्र खाली उतरून रेंज मिळताक्षणी ‘आलो’ म्हणून फोन करा, खालच्या कालाकुंड गावी कलाकंद खात बसू नका, कारण मावशी कागदावरची वेळ पाळतील.