पडद्याचे पैसे

नव्या लॅपटॉपच्या बिलात स्क्रीनगार्डचे ४५० रुपये लावलेत. घरी आल्यावर भाच्याने बिल वाचून दाखवलं तेव्हा कळलं. मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. पडद्यावर ओरखडे पडले तर माझं काय बिघडणार, हे विचारायला दुकानदाराला फोन केला, तर म्हणाला, "सर, आपण सगळ्यांनाच लावून देतो." इतर कुठे नाही, पण वसुलीत मला नेहमी समान वागणूक मिळते.

दुकान जळगावातलं. मे महिना, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक एसीसाठी आलेलं. दुकानदाराने भाच्याला विचारलं, "सर काय करतात?"

"कॉलेजात इतिहास शिकवतो," मी म्हणालो.

"मग यांना डिस्प्ले किती इंची लागेल?" हेही भाच्यालाच.

मला फक्त प्रत्येक मशीन पाच मिनिटं ऐकायचं होतं. लोक घेण्याआधी पडदा बघतात, मला आवाज बघायचा असतो. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की विंडोजचा स्वतःचा नॅरेटर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा वाचक, बोलायला लागतो. विंडोज २००० पासून तो तिथे बसलेला आहे. दाबलं. शांतता. "डेमो पीसचा आवाज बंद ठेवतो सर, पोरं गाणी लावतात." बरं. शेजारी मॅक होता. कमांड आणि एफ-५ दाबलं, आणि त्याचा वाचक व्हॉइसओव्हर खणखणीत इंग्रजीत स्वागत करायला लागला. दुकानदार काउंटरवरून जवळजवळ उडी मारून आला. "काय दाबलं? हँग केला का?" आणि झाकण धाडकन बंद.

"काय व्हयनं? कोन बोलनं?" मागच्या खुर्चीतून आवाज आला.

हे आप्पा. अमळनेरकडचे, केळीवाले, नातवाचा लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन तासभर बसलेले. भाच्याने त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आप्पा उठून माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या तोंडासमोर हात हलवला असावा, कारण तंबाखूचा वास डावीकडून उजवीकडे गेला आणि परत आला.

"भाऊले दिसत नही?"

"नाही आप्पा."

"मंग यानापासून पडदाना पैसा कसाले लेतस?" हे दुकानदाराला.

दुकानदार हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी हिशेबच मांडला. लॅपटॉपात महाग काय? पडदा. वापरणार कोण? कोणी नाही. मग "पडदा काढी ल्या, पैसा कमी करा." दुकानदार म्हणाला, कंपनी तसा देत नाही. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि पिशवीतून नातवाचा लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला.

"मना नातूना पडदा फुटेल शे. याना काढा, त्याले लावा. दोन्हीसनं भलं व्हई."

आयुष्यभर नेत्रदानाच्या पंधरवड्यात मला पुढच्या रांगेत बसवून माझ्याकडे करुणेने पाहणारे लोक मी सोसलेत. पण चारचौघांत मलाच दाता करणारा माणूस पहिल्यांदा भेटला. आणि कमाल दुकानदाराची! तो म्हणाला, "आप्पा, मॉडेल वेगळं आहे, कनेक्टर बसणार नाही." म्हणजे कनेक्टर बसत असता तर?

खरं सांगायचं तर आप्पांचा मुद्दा सॉफ्टवेअरवाल्यांनी केव्हाच मान्य केलाय. व्हॉइसओव्हरमध्ये आणि विंडोजवरच्या एनव्हीडीए या वाचकामध्ये पडदा पार काळा करून ठेवायची सोय आहे. स्टाफरूममध्ये मी तो काळाच ठेवतो, कारण मी पेपर काढताना मागे उभं राहून वाचणारे सहकारी मला दिसत नसले तरी त्यांचे श्वास ऐकू येतात. पडदा लागतो तो मला मदत करायला येणाऱ्या डोळसांना. सोय त्यांची, पैसे माझे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याचं एकच पालुपद, "मामा, विंडोज सोडा, लिनक्स घ्या, फुकट आहे." लिनक्सवर ऑर्का नावाचा वाचक आहे, २००६ पासून ग्नोम या डेस्कटॉपसोबत येतो. ग्नोममध्ये तो नीट वाचतो. पण भाच्याला दर महिन्याला नवा डेस्कटॉप टाकून बघायची खाज, आणि नव्या घरात ऑर्का कधी अडखळतो, कधी मुकाच होतो. एकदा साउंडचीच काहीतरी सेटिंग बिघडली. आता आवाज गेलाय हे मला सांगणार कोण? तर तोच आवाज. तो दुरुस्त करायचा कशाने? त्याच आवाजाने. भाचा सबमिशनला नाशिकला गेलेला. तो येईपर्यंत मी एका महागड्या ट्रेपुढे बसून होतो.

मॅकचं बरं आहे. २००५ पासून व्हॉइसओव्हर आतच आहे, खोक्यातून काढल्यावर पहिल्या मिनिटापासून कोणाची मदत न घेता सगळं सुरू करता येतं. हे सुख लहान नाही. फक्त त्याची रचना जुन्या वाड्यासारखी: ओसरीत शिरा, तिथून माजघरात शिरा, काम झालं की त्याच उंबऱ्यांवरून उलटे बाहेर या. माझ्यासारख्या घाईच्या माणसाला विंडोजच बरं. वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक. मॅकलाही असं करता येतं म्हणतात, पण बोटांना एकदा वळण लागलं की लागलं.

विंडोजवरही अशा वाचकांची दोन घराणी. जॉज हे जुनं, १९८९ पासूनचं, डॉसच्या काळातलं. ताकदवान, पण विकत. परवाना नसेल तर ४० मिनिटं चालतं, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा. शिकताना मी अशा चाळीस-चाळीस मिनिटांच्या हप्त्यांत शिकलोय; अजूनही कॉलेजचा तास संपत आला की माझे हात आपोआप फाइल सेव्ह करायला जातात. दुसरं एनव्हीडीए. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी केलेलं, फुकट. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक नावाचा आवाज मराठी वाचतो, नाकातून वाचतो, पण मराठी वाचतो. विंडोजचे हेमंत आणि कल्पना हे आवाज हिंदीचे. त्यांच्या तोंडी चाळीसगाव 'च्याळीसगाव' होतं, आणि मी गप ऐकून घेतो.

आणि हे सगळं जमवून, शॉर्टकट पाठ करून, मी तयार होऊन बसतो, तेव्हा समोर येतं परिपत्रक. कागद स्कॅन करून पीडीएफ केलेला. वाचक म्हणतो, "ग्राफिक." आत काय, रजा मंजूर की निलंबन? ग्राफिक. नाहीतर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली फाइल. डोळ्यांना शुद्ध मराठी, आत रोमन अक्षरांचा कचरा, आणि माझा वाचक तो कचरा इमाने इतबारे वाचून दाखवतो. यावर मी लेखी तक्रार केली होती. तिचं उत्तर आलं. स्कॅन करून.

असो. आप्पांचा पडदा काही मिळाला नाही, तेव्हा त्यांनी फोन पुढे केला. अक्षरं बारीक दिसतात, "माले बी बोलता करी द्या." मी दोन्ही आवाजाची बटणं दाबून धरली, अँड्रॉइडचा वाचक टॉकबॅक सुरू झाला. त्यात एकदा बोट ठेवलं की फोन फक्त नाव सांगतो, उघडायला दोनदा ठोकावं लागतं. हे सांगेपर्यंत घरून फोन आला. आप्पा एकेकदा दाबत राहिले, फोन प्रत्येक बटणाचं नाव सांगत राहिला, रिंग वाजतच राहिली.

"बोलस भलतं, पन आयकत नही!"

दुकानदाराने फोन घेतला. त्यालाही जमेना. मग तो पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलला, "सर, हे बंद कसं करायचं?"

"भाच्याला विचारा," मी म्हणालो.

तेवढ्यात कोणाचं तरी बोट एका मेसेजवर पडलं. फोनने भर दुकानात वाचून दाखवलं की आप्पांच्या खात्यात ४ लाख १२ हजार जमा झालेत. केळी गेली होती. आप्पा "बंद करा भो, बंद करा" म्हणत फोन सदऱ्यात कोंबायला लागले, तो आतून खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे सांगत राहिला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आप्पा, बसा ना," दुकानदार म्हणाला, "पडदा कशाला बदलता? नवाच दाखवतो. ए, आप्पांना चहा सांग रे."