जनरल जेकब यांच्यावरचा तो फॉरवर्ड: किती खरा, किती फेकाफेकी

दर डिसेंबरात एक मेसेज फिरतो, यंदाही तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असं की लेफ्टनंट जनरल जे.एफ.आर. जेकब हे आपल्या अलिबागकडचे बेने इस्रायली, 1971 च्या बांगलादेश युद्धात एकटे निःशस्त्र ढाक्यात घुसले आणि अर्ध्या तासात 93 हजार पाकिस्तानी सैनिकांना गुडघ्यावर आणलं, क्रेडिट मात्र अरोरांनी नुसती सही करून खाल्लं, ज्यू म्हणून देशाने त्यांना काही दिलं नाही, आणि शेवटी राजकारणात जाऊन राजभवनात आराम करत वाया गेले. खाली तिरंगा आणि "मराठी असाल तर शेअर करा".

जेकब मला स्वतःला फार आवडतात, म्हणूनच हे लिहितोय.

अलिबागचं आधी उरकून टाकू. जेकब कलकत्त्याचे, बगदादी ज्यू, घराणं मूळ इराकातलं. आपले बेने इस्रायल म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना शनिवार तेली म्हणत ते, केहिमकर, पेणकर अशी आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे, तो समाजच वेगळा. दोघेही ज्यू एवढंच साम्य, तेवढ्यावर माणूस अलिबागचा करून टाकायचा म्हणजे कमाल आहे.

आता मेन मुद्दा, एकट्याने 93 हजार. यातलं खरं ते आधी मान्य करतो. 16 डिसेंबरला सकाळी लष्करप्रमुख माणेकशॉंचा फोन आला की ढाक्याला जाऊन शरणागती घेऊन ये, जेकब हेलिकॉप्टरने गेले, शरणागतीचा मसुदा सोबत होता, आणि पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी सैन्याचा प्रमुख नियाझी युद्धबंदीच्या पुढे जायला तयार नव्हता तेव्हा त्याला तीस मिनिटं देऊन बाहेर येऊन थांबले. हे करायला जिगर लागते, प्रश्नच नाही. त्यांनीच नंतर सांगितलंय की ढाक्यात पाकिस्तानचे 26 हजारांवर सैनिक होते आणि शहराबाहेर आपले जेमतेम तीन हजार. पण तो अर्धा तास आभाळातून पडला नव्हता ना भाऊ! 9 तारखेपासून आपल्या जनरल सगत सिंग यांच्या 4 कोअरने (लष्कराची मोठी तुकडी) हेलिकॉप्टरने मेघना नदी ओलांडायला सुरुवात केली (हेच सगत सिंग 1961 ला 50 पॅरा ब्रिगेड घेऊन पणजीत शिरले होते, गोव्यातल्यांना माहीत असेल), 11 ला टांगाईलला पॅराशूटने आपली बटालियन उतरली, 14 ला आपल्या मिग विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर रॉकेट डागली आणि पूर्व पाकिस्तानचा गव्हर्नर मलिकने राजीनामाच दिला. आणि 16 ला सकाळी जेकब पोचायच्या आधीच आपले मेजर जनरल नागरा ढाक्याच्या वेशीवरच्या मीरपूर पुलावर होते, तिथून त्यांनी नियाझीला चिठ्ठी पाठवली की बाबा अब्दुल्ला (म्हणजे नियाझीच), मी आलोय, खेळ संपला. जेकब नियाझीच्या हेडक्वार्टरला पोचले तेव्हा नागरा तिथे बसलेले होते. मग एकटे कसे? आणि बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांची मुक्तिवाहिनी नऊ महिने लढत होती तिचं तर मेसेजमध्ये नावच नाही.

93 हजारांचंही तसंच. त्या आकड्यात युनिफॉर्मवाले 80 हजारांच्या आसपास, त्यातही पॅरामिलिटरी आणि पोलीस धरून, बाकीचे नागरिक. आकडा बरोबर आहे, सगळे सैनिक हे चूक.

अरोरांनी क्रेडिट खाल्लं हे वाचून तर डोकंच फिरतं. अरोरा ईस्टर्न कमांडचे आर्मी कमांडर, जेकब त्यांचे चीफ ऑफ स्टाफ, मेजर जनरल रँकचे. शरणागतीच्या कागदावर सरळ लिहिलंय की पाकिस्तानी सैन्य लेफ्टनंट जनरल जगजित सिंग अरोरा यांच्यापुढे शस्त्रं ठेवतंय, मग सही कोणी करायची होती, ड्रायव्हरने? तो फोटो झूम करून बघा, टेबलाशी अरोरा आणि नियाझी, मागे व्हाइस ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, सगत सिंग आणि जेकब उभे आहेत. जेकबांचं खरं मोठं काम त्या फोटोच्या आधीच्या महिन्यांतलं आहे. त्रिपुरात रस्ते धड नाहीत, रेल्वे धर्मनगरला संपते, तिथून पुढे पूर्ण कोअरचा दारूगोळा, इंधन, रेशन साठवून ठेवायचं आणि ढाका हेच टार्गेट पाहिजे म्हणून वर वाद घालत राहायचं. हे कुणी शेअर करत नाही कारण त्यात पिस्तूल नाही. बाकी कुणी किती केलं यावर जेकब स्वतः नंतर जरा चढ्या आवाजात बोलले हेही खरं, माणेकशॉंबद्दल तर बरंच. ते वाचताना जरा सावधपणे वाचावं.

ज्यू म्हणून डावललं? परम विशिष्ट सेवा मेडल मिळालं, आणि नंतर 1974 ते 1978 त्याच ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. जेकब स्वतःच सांगायचे की भारतीय लष्करात धर्मावरून कधी त्रास झाला नाही, झाला तो इंग्रजांकडून.

आणि शेवटचं, राजभवनात आराम. इथे फॉरवर्डवाल्याने सगळ्यात जास्त माती खाल्ली आहे. रिटायर झाल्यावर भाजपमध्ये गेले, 1998 ला गोव्याचे राज्यपाल झाले. त्या वेळचं गोवा आठवा, प्रतापसिंह राणे गेले, विली डिसोझा आले, ते गेले, लुईझिन फालेरो आले, तेही टिकले नाहीत, आणि फेब्रुवारी 1999 मध्ये राष्ट्रपती राजवट लागली. म्हणजे कारभार थेट राज्यपालांकडे. पक्षाचा माणूस राज्यपाल म्हणून टीका झाली, ती होणारच. पण त्याच काळात सत्तरीत म्हादई आणि सांगेत नेत्रावळी ही दोन अभयारण्यं जाहीर झाली, प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरच्या वर. निवडून आलेल्या कुठल्याच सरकारने हे केलं नसतं असं माझं मत, कारण खाणवाले एका बाजूला आणि मतदार दुसऱ्या बाजूला. सत्तरीतल्या गावकऱ्यांचा राग खोटा नाही हां, काजूच्या बागायती आणि घरं अभयारण्याच्या हद्दीत गेली, हक्कांचं भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडून राहिलं. 2020 च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले तेव्हा हाच वाद परत पेटला, आणि 2023 ला हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं तर राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. जेकबांच्या त्या सहीवर गोव्यात आजही भांडणं चालू आहेत, तुम्ही त्याला आराम म्हणणार असाल तर म्हणा.