पिशवी टळली म्हणजे सारे टळले का?

गुदाशयाच्या कर्करोगाविषयी एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. मल गोळा करणारी पिशवी पोटावर कायमची लागली की जगणे संपले, ती टळली की माणूस पूर्ववत झाला, वर्षभरात त्रास थांबला नाही तर पुढे उपाय नाही आणि औषधांनी गाठ विरघळली तर शस्त्रक्रिया नकोच, असे त्यात म्हटले आहे.

पहिल्या विधानाला पुरावा तोकडा आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ३५ अभ्यास पाहिले गेले, पण कायमचा स्टोमा (मल बाहेर येण्यासाठी पोटावर केलेले आतड्याचे तोंड, ज्यावर पिशवी लावतात) असलेल्यांचे जीवनमान इतरांपेक्षा खालावतेच, असा ठाम निष्कर्ष त्यातून निघाला नाही. त्वचा सोलवटते, शेजारी हर्निया होतो, स्वतःच्या शरीराचा संकोच वाटतो, हे खरेच. पण बरेच काही स्टोमा पोटावर कुठे केला यावर ठरते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला बसवून, उभे करून, वाकायला लावून पोटावर खूण करतात ती त्यासाठीच. कारण स्टोमा पोटाच्या घडीत आला तर पिशवीची त्वचेला चिकटणारी चकती नीट चिकटत नाही आणि गळती सुरू होते.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण ते दिलाशाच्या रूपात येते. गुदाशय म्हणजे नुसती नळी नव्हे. मल साठवणे, आलेला वायू आहे की मल हे ओळखू देणे आणि सोयीची वेळ येईपर्यंत तो धरून ठेवणे, ही त्याची कामे. तो काढून मोठे आतडे खाली जोडले की ही कामे पूर्वीसारखी होत नाहीत. शौचाहून येऊन हात पुसतो न पुसतो तोच पुन्हा धावावे लागते, तासाभरात तीनचारदा. बाहेर पडताना आधी शौचालय कुठे आहे ते पाहावे लागते. (‘पूर्ववत’ हा शब्द लिहिणाऱ्याने असा दिवस काढलेला नसावा.) या त्रासाला ‘लार्स’ म्हणतात. तो मोजण्यासाठी डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या पाच प्रश्नांच्या मापनात ४२ पैकी ३० किंवा अधिक गुण म्हणजे तीव्र त्रास, आणि आतडे जोडलेल्या दहांपैकी साधारण चौघे त्या गटात मोडतात.

सुधारणा बहुतांशी पहिल्या एकदोन वर्षांत होते, इतपत तिसरे विधान बरोबर. पण लोपरामाइड हे जुलाब रोखणारे औषध, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, गुदद्वारातून पाणी सोडून आतडे धुणे, हे उपाय त्यानंतरही करता येतात. काहीजण तर सारे करून पाहिल्यावर पिशवीच मागून घेतात आणि मग निर्धास्तपणे घराबाहेर पडतात.

चौथ्या विधानात अट गाळली आहे. ब्राझीलच्या अँजेलिता हाब्र-गामा यांनी पुढे आणलेली ‘थांबा आणि लक्ष ठेवा’ ही पद्धत केमोथेरपी व रेडिएशननंतर गाठ पूर्णपणे नाहीशी झालेल्यांसाठीच आहे. त्यांतल्याही काहींची गाठ, बहुधा पहिल्या दोन वर्षांत, पुन्हा वाढते. म्हणून दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आणि एमआरआय चुकवता येत नाही. शिवाय रेडिएशन स्वतःही आतड्यावर परिणाम करते.

लघवी आणि लैंगिक संबंध यांविषयी मात्र त्या मजकुरात चकार शब्द नाही. ओटीपोटातल्या नसांना इजा झाली तर लघवी अडते, पुरुषांत ताठरता कमी होते. रेडिएशननंतर स्त्रियांना योनीचा कोरडेपणा आणि वेदना जाणवतात. पिशवी असो वा नसो, हे दोन्हीकडे घडू शकते.